दोन सर आणि एक निरोप

आमच्या जुन्या जळगावच्या टीमच्या कप्तानाचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात, मी शिकवते त्या शाळेच्या ग्राउंडवर चुन्याची फक्की मारून रेषा आखत होते. एका हातात फक्कीची टोपली, दुसऱ्या हाताने फोन कानाला. ती म्हणाली, "अगं, ठरलं. सरांचा सत्कार करायचा. जुन्या सगळ्या मुली येताहेत."

मला मनापासून बरं वाटलं. आमचे जळगावचे सर त्याच वर्षी कॉलेजातून निवृत्त झाले होते. पंचवीस-तीस वर्षं मुलींना फुटबॉल शिकवलेल्या माणसाचा निरोप चहा आणि समोशावर उरकला होता, हे सगळ्यांनाच लागलं होतं.

"आणि ऐक," ती पुढे म्हणाली, "धुळ्याच्या सरांचाही करायचा. एकाच स्टेजवर. आपल्याकडे मुलींचा फुटबॉल या दोघांनीच उभा केला, मग एकालाच कसं बोलवायचं? दोघांची मानपत्रं तूच लिही आणि तूच वाच. दोघांच्याही हाताखाली खेळलेली तुझ्याशिवाय दुसरी कोण आहे?"

टोपली तिरकी झाली आणि फक्की माझ्या बुटांवर सांडली. मी "हो" म्हणाले. नाही म्हणायला कारण काय सांगणार होते?

हे दोघे सर एकमेकांशी चौदा वर्षं बोलले नव्हते. एकाच ट्रेनिंग कॉलेजात शिकलेले, एकाच खोलीत राहिलेले, पुढे एक जळगावला लागला आणि एक धुळ्याला. स्पर्धेला आपापल्या टीम घेऊन आले की दुपारी एकाच डब्यात जेवायचे. मग एक मॅच झाली आणि सगळं तुटलं. त्यामागे मी होते. किती प्रमाणात मी होते, हे मात्र माझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

मी मूळची शिंदखेड्याची. बारावीनंतर रोज एस.टी.ने धुळ्याला कॉलेजात जायचे. एकदा सुटलेल्या गाडीमागे स्टँडच्या फाटकापासून चौकापर्यंत पळत गेले आणि गाडी धरली. त्याच गाडीत धुळ्याचे सर बसले होते. त्यांनी मला जागा करून दिली आणि माझा दम खाली बसायच्या आत विचारलं, "फुटबॉल खेळशील का?" मी तोवर फुटबॉल हातातसुद्धा धरला नव्हता. वर्षभर त्यांनी मला शिकवलं आणि कॉलेजकडून खेळवलंही. अभ्यासाकडे मात्र माझं लक्ष राहिलं नाही. चार विषय गेले. वडील म्हणाले, खेळणं बंद. त्यांनी मला जळगावला मामाकडे पाठवलं आणि तिथल्या कॉलेजात पुन्हा पहिल्या वर्षाला घातलं.

जळगावच्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात ग्राउंडवर मुली सराव करताना दिसल्या. मी चार दिवस कुंपणाबाहेर उभी राहिले, पाचव्या दिवशी आत गेले. सरांनी विचारलं, "कुठे शिकलीस?" मी म्हणाले, "गावाला, शाळेच्या ग्राउंडवर." धुळ्याचं नाव घेतलं असतं तर नापास झाल्याचं निघालं असतं, म्हणून नाही घेतलं. पुढे स्पर्धेच्या फॉर्मवर एक रकाना होता: यापूर्वी दुसऱ्या महाविद्यालयाकडून खेळला आहात काय? मी लिहिलं, नाही. एक कॉलेज सोडून दुसऱ्यात आलेल्या खेळाडूला पहिलं वर्ष खेळता येत नाही, असा नियम होता. तो मला तेव्हा खरंच माहीत नव्हता. सरांनी माझ्या शब्दावर खाली सही केली.

फायनल जळगावलाच होती आणि समोर धुळ्याची टीम आली. मॅचला वीस मिनिटं असताना मी ग्राउंडच्या कडेच्या नळावर बाटल्या भरत होते. मागून ओळखीचा आवाज आला, अहिराणीत.

"तू आठे कशी?"

धुळ्याचे सर होते. माझ्या अंगावरच्या जर्सीकडे बघत होते. ते रागावले नाहीत. जवळ येऊन त्यांनी हळू आवाजात नियम समजावून सांगितला, आणि म्हणाले, "तुना सरले जाईसन सांगी दे. आज तू खेळू नको. मी कोणाकडे काही बोलत नाही. तू बाहेर बसलीस की विषय संपला. त्याला सांग, मी पाठवलं म्हणून."

बाटल्या घेऊन मी सरांकडे गेले. ते कप्तानाच्या घोट्याला पट्टी बांधत होते. मान वर करून म्हणाले, "काय गं?"

मी म्हणाले, "काही नाही सर. पाणी आणलं."

बस. एवढंच झालं. मी काही ठरवून लबाडी केली असं मला तेव्हा वाटलं नाही. वाटलं, हाफटाइमला सांगू. हाफटाइमला शून्य-शून्य होतं आणि सर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता तूच." उत्तरार्धात मी गोल केला. त्या मॅचमधला तो एकच गोल. मुली माझ्या अंगावर पडल्या. त्यांच्या हातांमधून मला पलीकडे धुळ्याचे सर दिसले. हात मागे बांधून ते उभे होते आणि माझ्याकडे नाही, जळगावच्या सरांकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तक्रार दिली. ट्रॉफी परत गेली. जळगावच्या सरांना दोन वर्षं टीम नेता आली नाही आणि विद्यापीठाच्या संघाबरोबर प्रशिक्षक म्हणून त्यांचं जे जायचं ठरलं होतं तेही गेलं. चौकशीत ते एवढंच म्हणाले, "फॉर्मवर सही माझी आहे. पोरीला नियम माहीत नव्हता." बाहेर आल्यावर मला विचारलं, "नव्हता ना माहीत?" मी म्हणाले, "नव्हता, सर." फॉर्म भरतानापुरतं ते खरं होतं. मॅचच्या दिवशीचं नव्हतं.

सरांचा राग तक्रारीवर नव्हताच. ते म्हणायचे, "त्याने तिला वॉर्मअपला बघितलं होतं. तेव्हाच येऊन सांगितलं असतं तर मी तिला बसवली असती. हरल्यावर बोलला." आणि धुळ्याच्या सरांची समजूत अशी, की निरोप मिळूनही त्यांच्या मित्राने मला खेळवलं. दोघांनी एकमेकांना जन्माचं ओळखून ठेवलं होतं, आणि दोघांचंही चुकलं होतं.

सत्कार तीन आठवड्यांवर आला होता. माझं जेवण उडालं. शाळेत हजेरी घेताना एकाच मुलीचं नाव दोनदा पुकारायचे. मनात सारखं येत होतं, दोघे स्टेजवर शेजारी बसले आणि एकाने दुसऱ्याला सहज म्हटलं, "तेव्हा निरोप पाठवला होता मी," तर? तोच विचार उलटाही छळायचा. कोणी काहीच बोललं नाही तर? तर दोघे खोट्या रागासह म्हातारे होणार आणि मी त्यांच्या गळ्यात हार घालणार.

मानपत्रासाठी माहिती हवी म्हणून एका रविवारी जळगावला सरांकडे गेले. मनाशी ठरवून गेले होते, आज सांगायचंच. एस.टी.त पारोळ्यापर्यंत वाक्यं जुळवत होते, पारोळ्यानंतर ती सगळी विसरले.

सरांचे गुडघे गेले होते. अंगणात खुर्ची टाकून बसले होते. काकूंनी भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली. सर बोलत होते आणि मी वहीत उतरवत होते. पहिल्या वर्षी टीमला अकरा मुलीही मिळत नव्हत्या. असोद्याच्या एका मुलीसाठी ते पाच संध्याकाळी तिच्या घरी गेले. वडील केळीच्या बागेतून येईपर्यंत ओट्यावर बसून राहायचे. पाचव्या दिवशी ते गृहस्थ म्हणाले, "सर, तुम्ही चहा पिऊन पिऊन आजारी पडाल, घेऊन जा पोरीला." ती मुलगी आज पोलिसात आहे. कप्तानाच्या आजोबांनी हाफ पँटला हरकत घेतली तेव्हा सरांनी सगळ्या टीमला ट्रॅक पँटमध्ये खेळवलं, जळगावच्या त्या उन्हात, आणि स्वतःही पूर्ण हंगाम ट्रॅक पँटच घातली.

मी वही मिटली. तोंड उघडलं. तेवढ्यात सर म्हणाले, "त्याचंही मानपत्र तूच लिहितेस म्हणे."

"हो सर."

"चांगलं लिही. काम मोठं आहे त्याचं." मग म्हणाले, "फक्त माझी खुर्ची त्याच्या शेजारी ठेवू नका."

मी वही पिशवीत टाकली. काकू म्हणाल्या, "बाई, तुझा चेहरा उतरलाय. पाणी देऊ का?" मी पाणी प्यायले, पाया पडले आणि निघाले.

धुळ्याच्या सरांचं घर तर माझ्या शाळेपासून दहा मिनिटांवर. तिथे जायला मी आणखी आठ दिवस लावले. त्यांनी बोलता बोलता जुना फोटो काढला. सातपुड्याच्या पायथ्याच्या वाड्यांमधून आणलेल्या सहा मुली, अनवाणी, एका बाभळीखाली ओळीने उभ्या. बूट घातले की त्यांना पळताच येईना. सरांनी महिनाभर त्यांना संध्याकाळी नुसतं बूट घालून चालायला लावलं, स्वतः पुढे चालत. मुली सुट्टीला घरी गेल्या की कामाच्या हंगामात परत येत नसत. मग सर जायचे, दोन दिवस तिथेच राहायचे, पऱ्हाटीतून कापूस वेचू लागायचे आणि मुलींना घेऊन यायचे. त्यांतल्या दोघी आता आश्रमशाळेत शिक्षिका आहेत.

फोटो परत ठेवताना ते म्हणाले, "एक इचारू का? इतलं वरीस झालं, इचारं नई."

मला कळलं, काय येणार आहे.

"त्या दिवशी तू सांगितलंस आणि तरी त्याने तुला खेळवलं. हे मला आजवर पटलं नाही. माणूस तसा नव्हता तो. काय म्हणाला गं तुला?"

मी त्यांच्या हातातल्या फोटोच्या फ्रेमकडे बघत राहिले. म्हणाले, "सर, मला शाळेत जायचंय, उशीर होतोय." रविवार होता. त्यांनाही ते माहीत होतं. ते फाटकापर्यंत सोडायला आले.

घरी जाता जाता एक गोष्ट माझ्या लक्षात आली, जी चौदा वर्षांत आली नव्हती. चौकशीत त्यांनी नळावरची भेट सांगितलीच नव्हती. सांगितली असती तर हरल्यावर बोलल्याच्या ठपक्यातून स्वतः सुटले असते, पण जाणूनबुजून खेळल्याबद्दल मला कायमची बंदी आली असती. मी पुढे खेळले, बी.पी.एड. केलं, नोकरीला लागले. ते सगळं त्यांच्या गप्प बसण्यावर उभं होतं. मी रस्त्यावरच स्कूटी थांबवली.

सत्काराच्या दिवशी सकाळी साडेदहाला जळगावच्या कॉलेजात पोचले. हॉलमध्ये खुर्च्या भरत होत्या. कुणी मुलांना घेऊन आलेल्या, कुणी नवऱ्याला. कप्तान रेशमी साडीत, एका हाताने हार मोजत, दुसऱ्या हाताने माईकवाल्याला खुणावत होती. साड्यांचं दुकान ती आता एकटी चालवते, तसाच तिने हॉल ताब्यात घेतला होता.

"दोघेही मागच्या स्पोर्ट्स रूममध्ये बसलेत," ती म्हणाली. "जा, बघ. एक खिडकीशी, एक दाराशी. मला तर आत उभंच राहवेना."

मी गेले. जाळ्या, हवा गेलेले बॉल, कोपऱ्यात कॉर्नरचे झेंडे. जळगावचे सर खिडकीबाहेर बघत होते. धुळ्याचे सर छापलेली पत्रिका परत परत वाचत होते. मी दार लोटलं आणि उभ्यानेच बोलले, कारण बसले असते तर बोलले नसते.

"सर, दोघांनाही सांगायचंय. त्या मॅचच्या आधी धुळ्याच्या सरांनी मला नळावर गाठलं होतं. नियम सांगितला. म्हणाले, सरांना सांग आणि आज खेळू नको. वीस मिनिटं होती. मी तुमच्याजवळ आले, सर. तुम्ही विचारलंत, काय गं. मी म्हणाले, पाणी आणलं. मी सांगितलंच नाही."

बाहेर माईक टेस्टिंग चालू होतं, वन टू थ्री, वन टू थ्री.

जळगावच्या सरांनी मान वळवली. माझ्याकडे नाही, दाराशी बसलेल्या मित्राकडे. "तू हिला पाठवलं होतंस?"

"हो."

"मॅचच्या आधी?"

"आधी. मग दुसरं काय करणार होतो? तुझी टीम होती. तुला तोंडावर पाडायचं होतं का मला?" धुळ्याच्या सरांचा आवाज चढला आणि मध्येच फाटला. "चौदा वरीस मी तुले चोर समजनू. घरमा, बाहेर, बठ्ठास्ले सांगं मी."

"मी पण सगळ्यांना सांगितलं," जळगावचे सर म्हणाले. "तुझ्याबद्दल."

दार उघडंच होतं. मागे कप्तान उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिला घरच्यांनी फक्त त्याच वर्षापुरती परवानगी दिली होती. ती फायनल तिच्या आयुष्यातली शेवटची मॅच होती आणि कप्तान म्हणून उचललेली ट्रॉफी तिने चौकशीनंतर स्वतः नेऊन परत केली होती. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पाहुणे आलेत. चला सर."

मी म्हणाले, "मानपत्र दुसऱ्या कोणीतरी वाचावं."

"लिहिलंस तू," जळगावचे सर म्हणाले. खुर्चीचा आधार घेऊन ते उठत होते. "तूच वाच." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. गुडघा सरळ होईना, तेव्हा धुळ्याच्या सरांनी पुढे होऊन त्यांच्या काखेत हात घातला. दोघे तसेच हॉलमध्ये गेले. मी मागून कागद घेऊन चालत होते.

मानपत्रं मी वाचली. असोद्याचा ओटा आला तेव्हा ती पोलिसातली मुलगी पहिल्या रांगेत उठून उभी राहिली. बुटांचा महिना आला तेव्हा हॉल हसला आणि मग शांत झाला. माझा आवाज दोनदा गेला. लोकांना वाटलं, भावनेने. शाली झाल्या, श्रीफळ झालं. बोलायला उभं राहिल्यावर धुळ्याचे सर म्हणाले, "माझ्या मित्राने हरणाऱ्या टीमलाही रडू दिलं नाही कधी," आणि खाली बसले. जळगावच्या सरांनी फक्त मुलींची नावं घेतली, वर्षावार, एकही न चुकता. माझं नाव आलं तेव्हा ते थांबले नाहीत, इतर नावांसारखंच ते घेतलं आणि पुढे गेले. त्यावरून काय समजायचं, हे मला कळेना.

जेवायला दोघे एका टेबलावर बसले. मी लांबून बघत होते. एकाच्या ताटातली शेवभाजी दुसऱ्याने न विचारता घेतली. त्यांचं एका जेवणात मिटलं.

माझं तसं मिटलं नाही. मी जळगावच्या सरांना दोनदा फोन केला, काकूंनी उचलला. "अंघोळीला गेलेत," एकदा म्हणाल्या, दुसऱ्यांदा नुसतं, "थांब गं थोडे दिवस." कप्तानाने कार्यक्रमाचे फोटो ग्रुपवर टाकले, त्यात मी होते, पण मला वेगळा मेसेज नव्हता. दोन महिन्यांनी तिचं एक वाक्य आलं: "तू तेव्हाच सांगितलं असतंस तर आपण हरलो असतो कदाचित, पण ती ट्रॉफी मला परत करावी लागली नसती." मी सात-आठ उत्तरं लिहिली आणि पुसली. शेवटी "हो" एवढंच पाठवलं. त्यावर आजवर काही आलेलं नाही.

मग एके दिवशी धुळ्याच्या सरांचा फोन. "आम्ही दोघं यावलला मुलींची मॅच बघायला जातोय. तू येस का?" मी विचारलं, "सरांना चालेल?" ते म्हणाले, "मी त्याला विचारलं नाही. तू ये."

गेले. यावलच्या ग्राउंडला पायऱ्या नाहीत, दोरीच्या कडेला सतरंजी टाकलेली. जळगावचे सर तिथे आधीच बसले होते. मला बघून त्यांनी पाय जवळ घेतले, एवढीच जागा झाली. पूर्वार्धभर एक शब्द नाही. मी बॉलकडे बघत होते, पण कोणाकडे आहे ते दिसत नव्हतं. उत्तरार्ध सुरू झाल्यावर ते समोर बघतच म्हणाले, "तुझ्या शाळेतल्या किती मुली खेळतात?"

"चौदा, सर."

"फॉर्म कोण भरतं?"

"मी भरते. एकेकीला समोर बसवून विचारते. घरच्यांनाही."

त्यांनी मान हलवली. "तू आली होतीस माझ्याजवळ," ते म्हणाले, "आणि मी पट्टीकडे बघत होतो. पुन्हा विचारायला हवं होतं." मी म्हणाले, "नाही सर, तुमचं काही—" त्यांनी हात वर केला आणि मला थांबवलं. कॉर्नर मिळाला होता, त्यांना तो बघायचा होता.

त्यानंतरच्या शनिवारी दोघेही आमच्या शाळेच्या ग्राउंडवर आले, न कळवता. मुलींनी त्यांच्यासाठी ऑफिसमधून खुर्च्या आणल्या. जळगावचे सर म्हणाले, डावीकडच्या मुलीला मध्ये खेळव. धुळ्याचे सर म्हणाले, अजिबात नको, तिचा डावा पाय वाया जाईल. दोघांची आवाज चढवून जुंपली. मुली खेळायचं सोडून ऐकत उभ्या राहिल्या. मीही शिट्टी वाजवली नाही. जळगावच्या सरांनी मला माफ केलं का, हे त्यांनी सांगितलेलं नाही आणि विचारायची मला अजून भीती वाटते. निघताना त्यांनी पुढच्या शनिवारचा सराव किती वाजता आहे एवढं विचारलं. मी साडेसहा सांगितलं, आणि मित्राच्या खांद्यावर हात ठेवून ते स्टँडच्या रिक्षात बसले.